दूरच्या आज्ञेवर चालणारी घरातील यंत्रे

मे २०२४ मध्ये बडोद्यात वीजमीटरवरून मोठा जनक्षोभ उसळला. मध्य गुजरात वीज कंपनी या सरकारी वितरण कंपनीने शहरातील घरांत जुने मीटर काढून त्यांच्या जागी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्यास आरंभ केला होता. भरलेले पैसे पाहता पाहता संपतात, पूर्वीपेक्षा वीज महाग पडते, शिल्लक संपली की पुरवठा तुटतो, अशा तक्रारी घेऊन नागरिक कंपनीच्या कार्यालयांवर धडकले. ‘आमचे जुने मीटर परत द्या’ ही त्यांची मुख्य मागणी होती. अखेर कंपनीला काम थांबवावे लागले. संशय फिटावा म्हणून नव्या मीटरच्या शेजारी जुना मीटर ‘चेक मीटर’ म्हणून ठेवून दोहोंची नोंद ताडून पाहण्याचा मार्ग पुढे आला.

नवा मीटर खरोखर जास्त युनिट मोजत होता काय, या प्रश्नाची उत्तरे दोन्ही बाजूंनी वेगवेगळी दिली गेली. गुजरातेत घरगुती वीजबिल दोन महिन्यांनी येते. त्या सवयीच्या ग्राहकाला दररोज शिल्लक घटताना दिसू लागली, मागील वापराची राहिलेली रक्कमही तीतूनच वळती होऊ लागली आणि हे सारे ऐन मे महिन्याच्या उकाड्यात, म्हणजे पंखे आणि वातानुकूलन यंत्रे अखंड चालू असताना घडले, हा कंपनीच्या बाजूचा खुलासा होता. तो मान्य केला तरी एक गोष्ट उरतेच. जुन्या मीटरची चकती फिरताना किंवा त्याचा आकडा बदलताना ग्राहक स्वतः पाहू शकत असे. नव्या मीटरमध्ये मोजणीखेरीज हिशेब, संदेशवहन आणि पुरवठा तोडणे-जोडणे ही कामेही आली. ती ज्या सॉफ्टवेअरच्या आधारे चालतात, ते घराबाहेरून बदलता येते आणि तो बदल झाल्याचे घरातील माणसाला कळेलच असे नाही.

बडोद्याचा प्रसंग मीटरचा असला, तरी तोच प्रश्न आज घरातील अनेक वस्तूंना लागू आहे. स्मार्ट टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरा, वाय-फाय राउटर, प्रिंटर, दाराचे डिजिटल कुलूप, मोबाइलवरून चालणारा एसी या सर्वांना निर्माती कंपनी वेळोवेळी दूरवरून अपडेट पाठवते. पुष्कळदा त्याने उपकरण सुधारते. मात्र कधी कधी आदल्या रात्रीपर्यंत नीट चालणारे जुने उपकरण सकाळी निरुपयोगी झालेले आढळते. असे का होते, त्यावर उपाय कोणते आणि ग्राहकाचे अधिकार काय, याची ही मांडणी.

अपडेट म्हणजे नेमके काय

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक उपकरणात एक छोटा संगणक असतो. त्याला काम कसे करावे हे सांगणाऱ्या, उपकरणाच्या स्मृतीत कायम ठेवलेल्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. पूर्वी फर्मवेअर कारखान्यात एकदा भरले की उपकरण मोडीत निघेपर्यंत तेच राही. आता उपकरण ठराविक अंतराने कंपनीच्या सर्व्हरकडे विचारणा करते, नवी आवृत्ती असल्यास उतरवून घेते, तिची डिजिटल स्वाक्षरी तपासते, जुन्या आवृत्तीच्या जागी ती लिहिते आणि पुन्हा सुरू होते.

यातील लिहिण्याची पायरी सर्वांत नाजूक असते. तेवढ्यात वीज गेली आणि उपकरणात एकाच आवृत्तीपुरती जागा असली, तर जुनी आवृत्ती अर्धी पुसलेली आणि नवी अर्धी लिहिलेली अशा अवस्थेत ते अडकते. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या आपल्या गावांत हा धोका केवळ कल्पनेतला नाही. चांगल्या बनावटीच्या उपकरणांत स्मृतीचे दोन कप्पे ठेवतात. नवी आवृत्ती रिकाम्या कप्प्यात लिहिली जाते आणि ती चालू झाली नाही तर उपकरण आपोआप जुन्या कप्प्याकडे वळते. स्वस्त आणि जुन्या उपकरणांत खर्च वाचवण्यासाठी ही सोय बहुधा टाळलेली असते.

जुनी उपकरणेच का मोडतात

पहिले कारण चाचणीचे आहे. कंपनी नवे सॉफ्टवेअर प्रामुख्याने नव्या यंत्रांवर तपासते. आठ-दहा वर्षांपूर्वीचे प्रत्येक मॉडेल आणि त्याचा प्रत्येक उपप्रकार तपासला जाईलच असे नसते. जुन्या उपकरणाची स्मृती अपुरी, प्रक्रियक मंद आणि बॅटरी थकलेली असते. डिसेंबर २०१५ मध्ये नेस्ट कंपनीने आपल्या घरगुती थर्मोस्टॅटसाठी अपडेट पाठवले. त्यातील दोषाने बॅटरी उतरू लागली आणि जानेवारीच्या थंडीत अमेरिकेतील अनेक घरांची तापव्यवस्था बंद पडली.

दुसरे कारण चुकीच्या पत्त्याचे. ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट या अमेरिकी कंपनीने एका नव्या कुलुपासाठी तयार केलेले फर्मवेअर चुकून जुन्या ‘६०००आय’ या मॉडेलकडे गेले. सुमारे ५०० कुलपांचा सर्व्हरशी संपर्क कायमचा तुटला. संपर्कच तुटल्यामुळे चूक दुरुस्त करणारे अपडेट त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. कुलपाचा भाग टपालाने परत पाठवणे किंवा बदली कुलपाची वाट पाहणे एवढेच ग्राहकांच्या हाती राहिले. त्यांपैकी अनेक जण प्रवाशांना घरे भाड्याने देणारे होते. ज्या गोव्यात असा व्यवसाय घरोघर चालतो, तेथे या उदाहरणाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

तिसरे कारण डिजिटल प्रमाणपत्राच्या मुदतीचे. दोन यंत्रांनी परस्परांची ओळख पटवावी यासाठी ही प्रमाणपत्रे असतात आणि प्रत्येकाला अंतिम तारीख असते. ९ मार्च २०२५ रोजी गुगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकाच वेळी बंद पडले. २०१५ साली बाजारात आलेल्या या उपकरणातील एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली होती. येथे अपडेट आल्यामुळे नव्हे, तर वेळेत न आल्यामुळे उपकरण अडले. पुढे काही दिवसांत गुगलने दुरुस्ती पाठवली. तत्पूर्वी ३० सप्टेंबर २०२१ रोजी संकेतस्थळांच्या सुरक्षेसाठी वापरले जाणारे एक मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले, तेव्हाही ज्यांची प्रमाणपत्रांची यादी कधी नवी झाली नव्हती, अशा अनेक जुन्या उपकरणांचा संकेतस्थळांशी संपर्क तुटला.

चौथे कारण कंपनीच्या निर्णयाचे. रिव्हॉल्व्ह नावाचे घरगुती नियंत्रणयंत्र बनवणारी कंपनी नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी त्या यंत्राचा सर्व्हर बंद केला. सुमारे ३०० डॉलर मोजून घेतलेले यंत्र त्या दिवसापासून निकामी ठरले. जानेवारी २०२० मध्ये सोनोस या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जुन्या उत्पादनांना यापुढे अपडेट मिळणार नाहीत, असे जाहीर केले. ग्राहकांच्या संतापानंतर कंपनीच्या प्रमुखांना क्षमा मागावी लागली आणि जुन्या-नव्या यंत्रांसाठी दोन स्वतंत्र प्रणाली ठेवाव्या लागल्या. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा आधारही २५ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती यंत्रे भिंतीवर चालतात, पण मोबाइलवरून त्यांचे नियंत्रण करता येत नाही.

पाचवे कारण दूरसंचार जाळ्याचे. उपकरण आणि सर्व्हर दोन्ही ठणठणीत असले तरी मधला रस्ताच उखडला जाऊ शकतो. एअरटेलने २०१९-२० मध्ये देशातील थ्री-जी सेवा बंद केली. जिओच्या जाळ्यात टू-जी किंवा थ्री-जी मुळातच नव्हते. ब्रिटनमध्ये टू-जी आणि थ्री-जी सेवा २०३३ पर्यंत बंद होणार असल्याने सुमारे ७० लाख स्मार्ट मीटरांचे संदेशवहन भाग बदलावे लागतील, असे तेथील संसदेच्या लोकलेखा समितीने २०२३ मध्ये नोंदवले. मीटरचे आयुष्य मोठे असते, तर मोबाइल तंत्रज्ञानाच्या पिढ्या झपाट्याने पालटतात. हा विजोड खरेदीच्या वेळीच लक्षात घ्यावा लागतो.

मग अपडेट बंदच ठेवावेत काय

हा सोपा वाटणारा उपाय घातक आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले लक्षावधी कॅमेरे आणि राउटर काबीज केले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांच्या फौजेने डिन या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी विनंत्यांचा मारा केला आणि अनेक प्रख्यात संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. त्या हल्ल्यात ज्यांची यंत्रे वापरली गेली, त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. ज्या कॅमेऱ्याची सुरक्षा त्रुटी कधीच बुजवली जात नाही, तो घराची राखण करण्याऐवजी घरात डोकावण्याची फट होऊ शकतो.

म्हणून खरा आग्रह अपडेट जबाबदारीने पाठवण्याचा असायला हवा. त्याची रीत तंत्रज्ञांना ठाऊक आहे. नवी आवृत्ती आधी मोजक्या यंत्रांवर पाठवावी, काही दिवस निरीक्षण करावे, मग टप्प्याटप्प्याने संख्या वाढवावी. मागे फिरण्याची सोय ठेवावी. सुरक्षा दुरुस्ती आणि नव्या सुविधा वेगवेगळ्या पाठवाव्यात, म्हणजे जुन्या यंत्रावर सुविधांचे ओझे पडत नाही. ही शिस्त सुटली की काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने अनुभवले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष बदल सर्वत्र एकदमच पाठवला आणि विंडोजवरील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळ, बँका, रुग्णालये यांना त्याचा फटका बसला.

मीटर हे उपकरण वेगळे का

टीव्ही बिघडला तर करमणूक थांबते, मीटर बिघडला तर घर अंधारात जाते किंवा बिल चुकते. शिवाय टीव्ही कोणता घ्यावा हे ग्राहक ठरवतो. मीटर कोणता असावा, त्यात कोणते सॉफ्टवेअर असावे आणि ते कधी बदलावे, यांपैकी काहीच त्याच्या हाती नसते. वीज कायदा, २००३ च्या कलम ५५ नुसार मीटरविना पुरवठा करता येत नाही. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे इंटरनेटशी जोडलेले घरगुती उपकरण म्हणून स्मार्ट मीटर देशातील जवळपास प्रत्येक घरी पोहोचायचा आहे. ज्या घरात अन्य एकही ‘स्मार्ट’ वस्तू नाही, तेही त्याला अपवाद असणार नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६४४४ या मानकानुसार स्मार्ट मीटरमध्ये मोजणीसोबत दुतर्फी संदेशवहन आणि पुरवठा तोडणारी-जोडणारी कळ असते. या कळीचे सामर्थ्य उत्तर प्रदेशात १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीच्या दिवशी दिसले. मध्यवर्ती यंत्रणेतून चुकीची आज्ञा गेली आणि लखनौसह राज्यातील सुमारे दीड लाख स्मार्ट मीटरधारकांचा पुरवठा तुटला. बिले वेळेवर भरणारेही त्यात होते. राज्य सरकारने चौकशी लावली आणि नवे स्मार्ट मीटर बसवणे स्थगित केले. त्या दिवशी मीटर नादुरुस्त नव्हते. त्यांनी मिळालेली आज्ञा निमूटपणे पाळली होती.

यासाठी वैध मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मापन यंत्रांकरिता एक तत्त्व सांगितले आहे. ज्या सॉफ्टवेअरवर मोजणी अवलंबून आहे, तो भाग इतर सॉफ्टवेअरपासून अलग असावा, त्याची आवृत्ती ओळखता यावी आणि त्यात केलेल्या बदलाची पुसता न येणारी नोंद राहावी. किराणा दुकानातील तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, त्याचेच हे आधुनिक रूप आहे. योगायोग असा की, देशातील विद्युत उपकरणांची चाचणी करणाऱ्या नामांकित संस्थांपैकी एक, १९७४ मध्ये स्थापन झालेली इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन, बडोद्यातच आहे. मीटरची चाचणी हे तिच्या कामांपैकी एक. कारखान्यातून आलेला मीटर प्रयोगशाळेत तपासणे ही व्यवस्था देशात चांगली रुजली आहे. घरी बसवल्यानंतर दूरवरून बदललेल्या मीटरबाबतही ग्राहकाला तितकाच विश्वास वाटेल, अशी पारदर्शकता आता हवी आहे.

कायदा काय सांगतो

परदेशांत यासंबंधी कायदे झाले आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी वस्तूंवर सर्वत्र एकच सोपा पासवर्ड ठेवण्यास बंदी आहे आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील, हे विक्रीपूर्वी सांगणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाचा सायबर लवचिकता कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादनाचे अपेक्षित आयुष्य त्याहून कमी नसेल, तर किमान पाच वर्षे सुरक्षा आधार देणे त्यात अभिप्रेत आहे. अपडेटमुळे जुने फोन मंदावल्याच्या प्रकरणांत इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला होता.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा मुख्य आधार आहे. वस्तूतील दोष, सेवेतील त्रुटी आणि उत्पादन दायित्व या तिन्ही संकल्पना त्यात आहेत. विक्रीनंतर कंपनीनेच पाठवलेल्या अपडेटने वस्तू निकामी झाली असेल, तर या तरतुदींखाली दाद मागता येते. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या अधिकारासाठी संकेतस्थळ सुरू केले. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

वीजमीटरबाबत ग्राहकाचे स्थान अधिक भक्कम आहे, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. वीज (ग्राहकांचे अधिकार) नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे स्मार्ट मीटरची नोंद दिवसातून किमान एकदा घेऊन ती ग्राहकाला उपलब्ध करून द्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार ग्राहकाने केली, तर वितरकाने पाच दिवसांत अतिरिक्त मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळून पाहायचा असतो. बडोद्यात चेक मीटरची वाट आंदोलनानंतर निघाली. नियमाप्रमाणे ती प्रत्येक तक्रारदाराला एका अर्जावर खुली आहे.

गोव्यासाठी बोध

महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले होते. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत विरोधाचे मूळ यंत्रापेक्षा ते आणण्याच्या पद्धतीत अधिक होते. गोव्यात वीजवितरण थेट सरकारच्या वीज खात्याकडे आहे आणि दर व नियमन गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त वीज नियामक आयोगाकडे. म्हणजे प्रश्न कोणाला विचारायचे हे येथे तुलनेने स्पष्ट आहे. मीटरमधील सॉफ्टवेअरची आवृत्ती ग्राहकाला दिसेल काय, ती बदलल्यास संदेश मिळेल काय, मोजणीचा भाग दूरवरून बदलता येतो काय, मोबाइल जाळ्याची पिढी पालटल्यास खर्च कोण सोसणार आणि चुकून पुरवठा तुटल्यास किती वेळात जोडला जाईल, ही विचारपूस मीटर भिंतीवर चढण्यापूर्वी व्हायला हवी. वितरकाच्या उत्तराने समाधान न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी दाद मागण्याची सोय वीज कायद्यातच आहे.

इतर उपकरणांसाठी काही साध्या गोष्टी प्रत्येकाला करता येतात. खरेदीपूर्वी सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळतील हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. इंटरनेट नसतानाही मूळ काम करील असेच उपकरण निवडावे. दिवा कळ दाबून लागावा, कुलूप किल्लीने उघडावे, एसी रिमोटने चालावा. राउटर, कॅमेरा आणि मोबाइल यांची सुरक्षा अपडेट चालूच ठेवावीत. ज्या उपकरणांत अपडेटची वेळ निवडता येते, तेथे आपण घरी असू आणि वीज स्थिर असेल अशी वेळ ठरवावी. राउटर व कॅमेऱ्याच्या यंत्रणेला छोटा यूपीएस जोडावा. ज्याचा आधार संपला आहे असा कॅमेरा इंटरनेटपासून तोडावा. टीव्हीचा आधार संपला तर तो टाकून देण्याची घाई नको, बाहेरून जोडायचे स्वस्त उपकरण त्याला पुन्हा उपयोगी बनवते. अपडेटनंतर बिघाड झाल्यास उपकरण लगेच मूळ स्थितीत रिसेट करू नये. क्रोमकास्टच्या वेळी गुगलने ग्राहकांना हेच बजावले होते. आधी पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख नोंदवावी. दुरुस्तीसाठी आणि तक्रारीसाठीही हाच पुरावा लागतो.

मीटरबाबत तर ही नोंद अधिकच मोलाची आहे. नवा मीटर बसताना जुन्या मीटरचा अखेरचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा यांचे छायाचित्र घ्यावे, बदलीच्या कागदावर दोन्ही आकडे लिहून घ्यावेत आणि पुढील तीन महिने आठवड्यातून एकदा वाचन टिपून ठेवावे. यंत्र चुकीचे असेल तर ते या वहीतून सिद्ध करता येईल, बरोबर असेल तर मनातील संशयही तीच वही दूर करील.